मॅटिंगखालचं सागवान

जुन्या घरातला लाकडी जिना तोडायचा, की घासूनपुसून पुन्हा वापरात आणायचा? उत्तर बहुतेक वेळा त्या जिन्यावरच्या कार्पेटखाली असतं. सुट्टीत हाताला काम शोधणाऱ्यांसाठी केडगावच्या एका जिन्याची ही गोष्ट.

पुणे–दौंड डेमूने रोज अप-डाउन करणाऱ्यांना यवत, खुटबाव, केडगाव, कडेठाण, पाटस ही स्टेशनं तोंडपाठ असतात. याच पट्ट्यात, उसाच्या शेतांमध्ये आणि नव्या स्लॅबच्या घरांच्या गर्दीत, काही जुनी माडीची घरं अजून तग धरून आहेत. दार सागवानी, तुळया सागवानी, आणि माडीवर जाणारा जिना? त्याच्यावर लाल नाहीतर हिरवं मॅटिंग. लग्नाच्या मांडवात अंथरतात ना, तेच!

हे मॅटिंग कुणी टाकलं, हे सहसा कुणाला आठवत नाही. कधी पायऱ्या झिजल्या म्हणून, कधी लहान मूल घसरलं म्हणून, कधी घरात कार्य निघालं आणि पाहुण्यांना जुनाट जिना दिसू नये म्हणून. चार चुका ठोकल्या, फेविकॉल नाहीतर सोल्युशन ओतलं, काम झालं. मग वीस-पंचवीस वर्षं खाली काय चाललंय ते कुणीही बघत नाही. वर धूळ साचते, पावसाळ्यात ओल धरते, कडा सुटतात. आणि सुटलेल्या कडेत पाय अडकतो.

आमच्या घरी नेमकं तेच झालं. वरून तिसऱ्या पायरीवर आजीचा पाय मॅटिंगमध्ये अडकला. कठडा हातात होता म्हणून निभावलं. पण त्या संध्याकाळी घरात जिन्याचा खटला उभा राहिला. काकांचा निकाल तयार होता : लाकूड काढून टाकायचं, लोखंडी जिना करून घ्यायचा आणि वर ग्रॅनाइट बसवायचं. जुन्या सागवानाला गिऱ्हाईक असतंच. आम्ही चार चुलत भावंडांनी फक्त दिवाळीच्या सुट्टीची मुदत मागितली. मिळाली, पण एका अटीवर. सुतारकाकांनी जिना बघून ‘होय’ म्हटलं तरच.

आधी निदान, मग उपचार

रील्समध्ये हे काम तीस सेकंदांत होतं. कार्पेट टर्रकन फाटतं, खाली चकचकीत ओक निघतो, पार्श्वसंगीत वाजतं, संपलं. त्यातले बरेच व्हिडिओ अमेरिका-इंग्लंडमधले असतात. तिकडे दुसऱ्या महायुद्धानंतर सिंथेटिक धाग्याचं भिंतीपासून भिंतीपर्यंतचं कार्पेट स्वस्त झालं आणि जुन्या घरांतल्या चांगल्या लाकडी जमिनी आणि जिने त्याच्याखाली गेले. पण तिकडच्या नव्या घरांत उलटं असतं. जिना कार्पेटनेच झाकायचा असल्यामुळे खाली साधं, गाठीगाठीचं पाइन वापरलेलं असतं. म्हणजे कार्पेट उचकटलं की खजिनाच निघेल, असं तिकडेही नाही.

आपल्याकडे प्रश्न वेगळा. जुन्या घरातलं लाकूड बहुतेक वेळा चांगलंच असतं. ते आता शिल्लक किती आहे, हे बघायचं असतं. सुतारकाकांनी त्यासाठी कुठलंही मशीन आणलं नाही. एक हातोडी आणि एक जाड स्क्रू-ड्रायव्हर. प्रत्येक पायरीवर टकटक. भरीव आवाज आला की पुढे, पोकळ आला की थांबायचं. मग फळी आणि भिंत जिथे मिळतात तिथे स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघायचं. टोक लोण्यासारखं आत गेलं तर तिथे लाकूड संपलेलं.

सगळ्यात जास्त वेळ त्यांनी सर्वांत खालच्या पायरीला दिला. कारण वाळवी जमिनीतून येते. बोटाएवढ्या जाडीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर ती तिची वाट. वाळवी असेल तर पॉलिशचा विचार नंतर, आधी पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलवायचं. ते औषध आपण यूट्यूब बघून मारायचं नसतं.

आमचा निकाल : १३ पायऱ्या, ११ ठणठणीत. खालची पहिली कडेला कुजलेली, मधली एक झिजून खोलगट झालेली. बाजूच्या दोन्ही तिरप्या फळ्या, ज्यांच्यावर सगळा भार असतो, त्या शाबूत. त्या गेल्या असत्या तर गोष्ट तिथेच संपली असती. जिना वाचवायचा की नाही हे पायऱ्या ठरवत नाहीत, त्या दोन फळ्या ठरवतात.

चुका उपटण्याचा कार्यक्रम

सुतारकामात बारीक, रुंद डोक्याच्या खिळ्याला चूक म्हणतात. त्यामुळे पहिले दोन दिवस घरात एकच विनोद चालू होता : मागच्या पिढीच्या चुका आम्ही उपटतोय. एका पायरीवर १४ ते २० चुका. सगळ्या गंजलेल्या. काही ओढल्या की डोकं हातात आणि खिळा लाकडातच.

पद्धत सोपी आहे, पण क्रम चुकवायचा नाही. मास्क, हातमोजे आणि जाड तळाचे बूट घाला. मॅटिंगवर आधी पाण्याचा हलका फवारा मारा, म्हणजे वर्षानुवर्षांची धूळ उडत नाही. वरच्या पायरीपासून सुरुवात करा आणि खाली या. मॅटिंग एकसंध ओढू नका, कटरने पायरीपायरीचे तुकडे करून गुंडाळा. मग अंबूर किंवा पकडीने चुका काढा. पकडीखाली पत्र्याचा नाहीतर प्लायचा तुकडा ठेवला तर लाकडाला खळगा पडत नाही. डोकं तुटलेली चूक निघत नसेल तर पंचने दोन मिलिमीटर आत ठोका. नाहीतर पुढे पॉलिश पेपर फाटतो, आणि त्याहून वाईट म्हणजे कुणाचा तरी पाय.

गोंदाचं म्हणाल तर आधी तो कुठला आहे ते ओळखा. पांढरा फेविकॉल असेल तर कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं थोडा वेळ ठेवा, तो मऊ पडतो आणि पत्रीने खरवडता येतो. पिवळट, रबरासारखं सोल्युशन असेल तर पाण्याचा उपयोग नाही. ते हेअर ड्रायरच्या गरम हवेने सैल होतं. थिनरनेही निघतं, पण मग खिडक्या उघड्या हव्यात आणि आसपास गॅस, उदबत्ती, देवघरातला दिवा काही नको.

या कामात घरातल्या मुली पुढे होत्या, म्हणून शेजारून एक-दोन टोमणे आले. केडगावात हे टोमणे जरा विनोदीच वाटतात. याच गावात पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुक्ती मिशन उभं केलं. त्यांनी केलेल्या बायबलच्या मराठी अनुवादाच्या छपाईचं काम तिथल्या मुली-बायकांनी केलं, अगदी छापखान्यातले खिळे जुळवण्यापासून. गावातल्या मुलींनी शंभर वर्षांपूर्वी खिळे जुळवले, आताच्यांनी उपटले, एवढाच काय तो फरक!

रंगाच्या खाली रंग

मॅटिंग निघालं की लगेच सागवान दिसेल अशी आशा होती. दिसला तपकिरी ऑइल पेंट. त्याच्याखाली हिरवा. इथे घाईने सँडर मशीन लावण्याचा मोह होतो, आणि नेमकं तेच करायचं नाही.

जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. म्हणजे त्याआधीच्या रंगाबद्दल खात्री नाही, आणि आजोबांच्या काळातल्या रंगाबद्दल तर नाहीच. असा रंग कोरडा घासला की शिशाची धूळ घरभर होते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ती घातक असते आणि ती पोटात जायला फक्त जमिनीवर रांगणं पुरतं. ब्लो-लॅम्पने रंग जाळून काढायची पद्धत जुन्या कारागिरांकडे दिसते, पण त्या वाफाही तितक्याच वाईट.

मग करायचं काय? लहान मुलं आणि गरोदर बायका यांना त्या दिवसांत दुसऱ्या घरी पाठवा. जमिनीवर प्लास्टिक अंथरा. पेंट रिमूव्हर लावून रंग ओला असतानाच पत्रीने खरवडा. राहिलेला भाग पाण्याचा पॉलिश पेपर ओला करून घासा. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने टिपा. खरवडलेला रंग पिशवीत बांधून टाका, शेतात किंवा गोठ्याजवळ नाही. आणि हात धुतल्याशिवाय फराळाच्या डब्याला हात लावू नका. दिवाळीत हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं.

८०, १२०, १८०

रंग गेला आणि सहाव्या दिवशी पहिल्यांदा सागवानाच्या रेषा दिसल्या. त्यानंतरचं काम फोटोत येत नाही, पण जिना सुधारतो तो तिथेच.

आधी दुरुस्ती. कुजलेल्या पायरीची कड कापून तिथे जुन्याच सागवानाचा तुकडा बसवला. खोलगट झालेली फळी सुतारकाकांनी सोडवली आणि उलटी करून लावली. वर्षानुवर्षं पोटाकडे असलेली बाजू सपाट, न झिजलेली! पायऱ्यांचा करकर आवाज येतो तो लाकूड सुकून आकसल्यामुळे. खिळा सैल होतो आणि फळी त्याच्यावर घासते. आणखी खिळा ठोकून तो थांबत नाही. जिन्याच्या पोटातून स्क्रू घट्ट केला किंवा फटीत लाकडाची पाचर मारली की थांबतो.

चुकांची भोकं बुजवायला लाकडाचा भुसा आणि फेविकॉल हा घरगुती जुगाड सगळ्यांना माहीत असतो. तो चालतो, पण पॉलिश तो नीट पीत नाही. मागाहून ठिपके दिसतात. पॉलिशखाली चालणारी, लाकडाच्या रंगाची लांबी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ती बरी.

मग घासणं. पॉलिश पेपर ८० नंबरपासून सुरू, मग १२०, मग १८०. नंबर वाढतो तसा कागद मऊ होतो. मधला नंबर गाळला तर आधीचे ओरखडे तसेच राहतात आणि पॉलिश लावल्यावर ठळक दिसतात. दिशा एकच, लाकडाच्या रेषेबरोबर. आडवं घासलं तर ओरखडा. शेवटी सागवान थिनरच्या फडक्याने पुसून घ्यायचं. सागवानात मुळातच तेल असतं, ते वर आलेलं असेल तर पॉलिश नीट धरत नाही.

लाख, मेलामाइन की पीयू?

इथे चार पर्याय आहेत.

पहिला जुना आणि देशी, लाखेचं पॉलिश. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे एक राळ सोडतात. ती धुऊन केलेला लाखदाणा स्पिरिटमध्ये विरघळवला की झालं पॉलिश. ७८ आरपीएमच्या जुन्या ग्रामोफोन तबकड्याही याच लाखेपासून व्हायच्या. रंग सुंदर येतो, घरी लावता येतं, पुढे नुसता एक हात मारून दुरुस्तही होतं. पण गरम चहाचा कप ठेवला की पांढरा डाग, सॅनिटायझर सांडलं की पॉलिश विरघळलं. कठड्याला उत्तम, पायरीला नाजूक.

दुसरा मेलामाइन. टणक, गुळगुळीत, पण वास उग्र आणि काम स्प्रेचं. ते कारागिरावर सोडलेलं बरं. तिसरा पीयू. पायऱ्यांवरच्या रोजच्या घासण्याला सगळ्यात जास्त टिकतो. खर्चही जास्त. घरी करायचं असेल तर पाण्यावर आधारित पीयू ब्रशने लावता येतो. हार्डनर मिसळायचा पीयू स्प्रे करायचा असेल तर साधा मास्क पुरत नाही.

चौथा, उकळलेलं जवसाचं तेल. लाकूड जिवंत दिसतं, पण दरवर्षी पुन्हा लावावं लागतं. आणि एक धोका नीट लक्षात ठेवा. हे तेल सुकताना उष्णता बाहेर पडते. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप पेट घेऊ शकतात. ती बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

आम्ही कठड्याला लाख आणि पायऱ्यांना पाण्यावरचा पीयू अशी वाटणी केली. हंगामही जुळून आला. पावसाळ्यातल्या दमट हवेत लाखेच्या पॉलिशवर पांढुरकी साय धरते, म्हणून हे काम दिवाळी ते होळी या काळातलं.

राहिला व्यवहारी प्रश्न : पायऱ्या ओल्या असताना माडीवर जायचं कसं? एक सोडून एक. पहिल्या दिवशी १, ३, ५ अशा सात पायऱ्या, त्या पूर्ण वाळल्या की २, ४, ६ अशा सहा. ओल्या पायरीवर कागदाची चिठ्ठी. मात्र एक पायरी गाळून चढणं म्हणजे दुप्पट उंची चढणं. ते आपल्याला जमतं, ज्येष्ठांना नाही. तेवढे दिवस त्यांचं अंथरूण खालीच.

चमक नको, पकड हवी

काम संपत आलं तेव्हा खरा वाद झाला. आम्हाला हवी होती आरशासारखी चमक, फोटोसाठी. आजीने एकच प्रश्न विचारला, ‘‘यावरून ओल्या पायाने मी उतरायचं कसं गं?’’

मॅटिंग कुणीतरी कधीतरी याच कारणासाठी टाकलं होतं, हे आम्ही तोवर विसरलो होतो. गुळगुळीत लाकडावर ओला पाय किंवा पायमोजा लगेच सटकतो. म्हणून शेवटचा हात मॅट फिनिशचा दिला. प्रत्येक पायरीच्या पुढच्या कडेला खरखरीत अँटी-स्किड पट्टी लावली, तीही लाकडापेक्षा वेगळ्या रंगाची. उतरताना पायरी कुठे संपते ते कमी दिसणाऱ्यालाही कळावं म्हणून. जिन्यावरचा दिवा बदलला आणि त्याचं बटण खाली-वर दोन्हीकडे घेतलं.

जिन्याची मापंही घेतली. आमच्या पायरीची उंची २१ सेंटिमीटर, रुंदी २४. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे घरातल्या जिन्याची उंची १९ पेक्षा जास्त नसावी आणि रुंदी २५ पेक्षा कमी नसावी. सतराव्या शतकात फ्रान्स्वा ब्लाँडेल या फ्रेंच वास्तुविशारदाने जिन्याचं गणित माणसाच्या पावलाच्या अंतराशी जोडलं. दोन उंची अधिक एक रुंदी. आज ही बेरीज साधारण ६० ते ६५ सेंटिमीटर धरतात. आमची ६६ येते. म्हणजे जिना किंचित उभा. तो बदलता येत नव्हता, पण म्हणूनच भिंतीच्या बाजूलाही एक दांडी बसवली. आता चढताना दोन्ही हातांना आधार आहे.

आणखी एक गोष्ट सुतारकाकांनी बजावली. एखाद्याच पायरीवर प्लाय किंवा जाड फळी चढवून ती उंच करायची नाही. दोन-तीन पायऱ्या चढलो की आपण खाली बघणं सोडतो, पाय अंदाजाने पडतो. एका पायरीची उंची सेंटिमीटरभर बदलली तरी तो अंदाज चुकतो.

तोडणं एका दिवसाचं

सगळेच जिने वाचवावेत असं नाही. आधाराच्या फळ्या गेल्या असतील, वाळवीने पोखरलं असेल, तर हट्ट करण्यात अर्थ नाही. तिथे काकांचा लोखंडी जिनाच बरोबर. पण तोडण्याआधी मॅटिंगचा एक कोपरा उचलून बघायला काय हरकत आहे?

जुन्या वाड्यांत जिना भिंतीच्या जाडीत, अरुंद आणि उभा काढलेला असायचा. शत्रू आला तर एका वेळी एकच माणूस वर चढू शकावा म्हणून. शनिवारवाड्याच्या आतलं लाकूडकाम १८२८ च्या आगीत गेलं. आज आपण तिथे जोती बघतो आणि वरचे मजले कल्पनेने चढतो. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यालाही १८७९ मध्ये आग लागली, पण तो दुरुस्त झाला आणि त्याचा कोरीव लाकडी दर्शनी भाग आजही पुण्यात बघायला मिळतो. दोन्ही वाडे एकाच शहरातले, एकाच शतकात जळलेले. एकाला पुन्हा हात लागला, एकाला नाही.

आमच्या माडीचा जिना काही ऐतिहासिक नाही. त्याला १७ दिवस लागले, त्यातले पॉलिशचे फक्त चार. बाकी सगळे उपटणं, खरवडणं, घासणं. कॉलेजच्या कुठल्याही प्रोजेक्टपेक्षा जास्त मेहनत होती, आणि मार्क द्यायला कुणी एक्स्टर्नल नव्हता. होती ती रोज दोनदा माडीवर जाणारी माणसं.

हात घालण्याआधी

• मॅटिंगचा एक कोपरा उचला, टकटक करून आवाज ऐका, खालची पायरी आणि बाजूच्या फळ्या तपासा.
• वाळवी किंवा हलणारा जिना दिसला तर आधी सुतार, मग सुट्टीचं वेळापत्रक.
• २०१७ च्या आधीचा ऑइल पेंट कोरडा घासू नका, जाळू नका.
• थिनर, स्पिरिट वापरताना हवा खेळती ठेवा, आग लांब ठेवा. तेलाची फडकी बोळा करून टाकू नका.
• एक सोडून एक पायरी रंगवा, वाळायला पुरता वेळ द्या.
• शेवटचा हात मॅट, कडेला पट्टी, दोन्हीकडे आधार, वर चांगला दिवा.
• आणि फिनिश ठरवताना घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा. जिना सगळ्यात जपून तेच चढतात.